शेजारचा गोंगाट आणि भाड्याचं घर : बेळगाव-निपाणीत दाद कुठे मागायची?

टिळकवाडी, अनगोळ, शाहूनगरपासून निपाणीच्या नव्या वसाहतींपर्यंत, भाड्यानं राहणाऱ्या वाचकांचा एक प्रश्न फिरून फिरून येतो. वरच्या किंवा शेजारच्या घरातला आवाज असह्य झालाय, पण घर आपलं नाही, मग बोलायचं कोणत्या तोंडानं? मालकाला सांगितलं तर ‘जरा सांभाळून घ्या, नाहीतर दुसरं घर बघा’ असं ऐकावं लागेल, ही धास्ती. कोल्हापूर-गडहिंग्लजचे नातेवाईक सांगतात, ‘सोसायटीची तक्रार उपनिबंधकाकडे करा.’ तिकडे तो सल्ला बरोबर असेल, इकडे बहुतेक वेळा लागूच पडत नाही. आणि पोलीस ठाण्यात जायचं म्हटलं की अर्ज मराठीत घेतील का, ही शंका वेगळीच.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ध्वनिप्रदूषण नियंत्रणाचे नियम केंद्र सरकारचे आहेत. ते १४ फेब्रुवारी २००० पासून देशभर लागू आहेत आणि त्यांत तक्रारीचा अधिकार ‘व्यक्ती’ला दिला आहे. ती घराची मालक असावी, अशी अट कुठेही नाही. सर्वोच्च न्यायालयानंही १८ जुलै २००५ च्या निकालात गोंगाटापासून मुक्त जगणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जीविताच्या हक्काचा भाग मानला. तेव्हा तक्रार करायला मालकाची संमती, त्याची सही किंवा त्याचं पत्र लागत नाही. मालकाला आधी सांगावं हे खरं, पण ते सोयीसाठी.

आधी आवाज ओळखा

सगळ्या आवाजांची तक्रार एकाच दारात जात नाही. कोणत्या आवाजाचा त्रास आहे, ते नेमकं ठरवलं की निम्मी धावपळ वाचते.

- राहण्याचा आवाज : मुलांची पळापळ, खुर्च्या-खाटा ओढणं, मिक्सर, भांडी, मोठ्यानं बोलणं. इथे कायद्याचा हात फार तोकडा आहे. उपाय बोलण्यातच.
- वाजवण्याचा आवाज : होम थिएटर, स्पीकर, डॉल्बी, ढोल-ताशाचा सराव. नियम इथे सगळ्यांत स्पष्ट आहेत.
- यंत्राचा आवाज : यंत्रमाग, पिठाची गिरणी, वेल्डिंग-फॅब्रिकेशन, जनरेटर, पाण्याची मोटर.
- कामाचा आवाज : फरशी कापणं, भिंत फोडणं, ड्रिल.

पाण्याच्या मोटरीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडची बरीच भांडणं तिथूनच सुरू होतात. ज्या भागात चोवीस तास पाणी पोहोचलेलं नाही, तिथे नळ कधी रात्री दोनला येतो, कधी पहाटे चारला. मोटर लावणाऱ्याचा नाइलाज असतो, आणि भिंतीपलीकडे झोपलेल्याची झोपमोड होते हेही खरं. मोटर थेट फरशीवर ठेवलेली असेल तर तिचा थरथराट पायातून भिंतीत आणि भिंतीतून तुमच्या खोलीत येतो. तिच्याखाली जाड रबरी पट्टे घातले, भिंतीला टेकलेल्या पाइपाला रबरी क्लॅम्प लावला, तर आवाज बराच कमी होतो. खर्च किरकोळ आहे. अर्धा खर्च तुम्ही द्यायची तयारी दाखवलीत तर शेजारी सहसा नाही म्हणत नाही. अशा तक्रारीसाठी पोलिसांना बोलावणं मला योग्य वाटत नाही.

कायद्याचे आकडे, गरजेपुरते

दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, रात्र म्हणजे १० ते ६. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. व्यापारी भागात ती ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०. शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या परिसरात दिवसा ५० आणि रात्री ४०. दोन माणसांचं साधं बोलणं ६० च्या आसपास असतं, म्हणजे रात्रीची मर्यादा किती कडक आहे ते लक्षात येईल. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त असता कामा नये. ‘माझ्या घरात मी काहीही लावीन’ हे म्हणणं म्हणूनच टिकत नाही.

‘आमच्याकडे डेसिबल मोजायचं यंत्र नाही, मग सिद्ध कसं करायचं?’ असं बरेच जण विचारतात आणि तिथेच अडतात. नियम ७ प्रमाणे तक्रारीला दोन वाटा आहेत. आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त असेल तर तक्रार करता येते. रात्रीच्या वेळेसाठी घातलेल्या बंधनांचा भंग झाला असेल तरीही करता येते. रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर, ढोल, कोणतंही वाद्य वाजवायला बंदी आहे. निवासी भागात रात्री आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायलाही बंदी आहे. अशा वेळी काय वाजत होतं, कुठे आणि किती वाजता, एवढं नेमकं सांगितलंत तरी तुमची तक्रार नियमात बसते. मोबाइलमधलं डेसिबल ॲप अंदाजापुरतं ठीक, पुरावा म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

दहा दिवस वहीत लिहा

कुणाशीही बोलण्याआधी एक साधी वही घ्या. तारीख, सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, कशाचा आवाज, घरात कुणाला काय त्रास झाला, एवढंच लिहा. आपल्या खोलीत उभं राहून, घड्याळ दिसेल असा मिनिटभराचा व्हिडिओ काढा. शेजाऱ्याच्या खिडकीतून आत कॅमेरा वळवू नका, त्यांच्या घरातल्या बायका-मुलांचं चित्रण तर मुळीच नको. तसं केलंत तर तक्रार उलट तुमच्यावरच येईल आणि ती तुमच्या तक्रारीपेक्षा गंभीर असेल.

वहीचा आणखी एक उपयोग आहे. दहा दिवसांनी पाहिलं तर कधी कधी दिसतं की रोजचा वाटणारा त्रास फक्त शनिवार-रविवारचा आहे. मग मागणीही तेवढीच करता येते.

बोलायला कधी आणि कसं जावं

आवाज चालू असताना, डोकं तापलेलं असताना जाऊ नका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जा. जिन्यात उभ्या-उभ्या नको, दारात जाऊन बोला. नात्याचा शब्द आधी येऊ द्या: ‘काकू, आम्ही खाली राहतो. रात्री साडेदहा-अकराला खुर्च्या ओढल्या की आवाज सरळ आमच्या खोलीत येतो. मुलीची परीक्षा आहे. खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या लावाल का? मी आणून देतो.’ शेजारी कानडी बोलणारे असतील तर ‘अक्का’, ‘अण्णा’ म्हणून सुरुवात करा. ‘सौंड स्वल्प कम्मी माडरी’ एवढं मोडकंतोडकं बोललात तरी समोरच्याचा सूर बदलतो.

आपल्या सीमाभागात ही गोष्ट फार जपावी लागते. आवाजाचं भांडण इथे दोन वाक्यांत मराठी-कानडीचं होतं, कधी जातीचं, कधी धर्माचं. तसं झालं की स्पीकर बाजूला राहतो आणि दोन गट उभे राहतात. मग तुमच्या झोपेचा प्रश्न कुणाच्याच लक्षात राहत नाही. ‘तुमचे लोक असेच’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. तुमचं म्हणणं घड्याळापुरतं ठेवा: किती वाजता, किती वेळ, कोणती वस्तू.

विद्यार्थ्यांच्या फ्लॅटबद्दल वेगळं सांगतो. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांमुळे बेळगावात बाहेरगावची मुलं घर घेऊन राहतात. दर वर्षी चेहरे बदलतात. प्रत्येक नव्या मुलाशी भांडण्यापेक्षा भाडेकरार कुणाच्या नावावर आहे ते शोधा. त्या फ्लॅटच्या मालकाचा फोन नंबर मिळवा आणि त्याच्याशीच बोला. मालकाचा एक फोन गेला की तुमच्या दहा विनंत्यांपेक्षा लवकर फरक पडतो.

तुमच्या मालकाची जबाबदारी कुठवर?

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०८ प्रमाणे तुम्ही भाडं वेळेवर देत असाल तर घराचा उपभोग विनाव्यत्यय घेता येईल, अशी हमी मालकानं दिलेली मानली जाते. पण ही हमी मालकाच्या आणि त्याच्या वतीनं हक्क सांगणाऱ्यांच्या व्यत्ययापुरती आहे. त्रयस्थ शेजाऱ्यानं रात्री गाणी लावली तर त्यासाठी मालकाला जबाबदार धरता येत नाही. गोंगाट करणारा त्याच मालकाचा दुसरा भाडेकरू असेल, किंवा मालक स्वतःच वर राहत असेल, तर मात्र तुमची बाजू खूप मजबूत होते. तेव्हा आधी ही गोष्ट तपासा.

मालकाला तोंडी सांगून सोडू नका. सांगितल्यावर त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर चार ओळी पाठवा: ‘आज बोलल्याप्रमाणे, वरच्या फ्लॅटमधल्या आवाजाबद्दल आपण त्यांच्याशी बोलावं.’ पुढे डिपॉझिटवरून वाद झालाच तर या चार ओळी कामाला येतात.

तक्रार केली म्हणून मालक पाणी-वीज तोडू शकत नाही, कुलूप बदलू शकत नाही. जबरदस्तीनं बाहेर काढलं तर विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो.

महाराष्ट्राचा कायदा इथे नाही

दूधगंगा ओलांडून कोगनोळीत आलात की ध्वनिप्रदूषणाचे नियम तेच राहतात, भाड्याचा आणि फ्लॅटचा कायदा मात्र बदलतो. महाराष्ट्रात भाडेकरार नोंदवणं सक्तीचं आहे. इथे अकरा महिन्यांचा करार स्टॅम्प पेपरवर होतो, एक वर्षाहून जास्त मुदतीचा असेल तरच नोंदणी सक्तीची होते. कर्नाटकाचा १९९९ चा भाडे कायदा आहे, पण त्याला भाड्याची मर्यादा आहे: मोठ्या शहरांच्या क्षेत्रात महिना ३,५०० रुपये, इतर ठिकाणी २,०००. आजच्या फ्लॅटचं भाडं त्याच्या वर असतं. म्हणून तुमचा खरा आधार करार आणि १८८२ चा कायदा.

फ्लॅटचंही तसंच. महाराष्ट्रात बहुतेक इमारतींची सहकारी गृहनिर्माण संस्था असते, तिला आदर्श उपविधी असतात, वर उपनिबंधक असतो. इथे बहुधा कर्नाटक अपार्टमेंट मालकी कायदा, १९७२ खाली मालकांची असोसिएशन असते. तिचे सभासद फ्लॅटधारक असतात, भाडेकरू नव्हे. म्हणून असोसिएशनला द्यायचं पत्र मालकाच्या नावानं, किंवा त्याच्याबरोबर सही करून द्या, आणि उपविधींत आवाज, सामाईक जागा, गच्चीचा वापर यांबद्दल काय लिहिलं आहे त्याची प्रत मागा. लहान इमारतींत असोसिएशनच नसते, मेंटेनन्स गोळा करणारी एक व्यक्ती असते. तिथे ठरावाची वाट पाहत बसू नका. चार घरांच्या सह्यांचं एक पत्र पुरतं.

पोलिसांकडे जाताना

आवाज चालू असेल तर ११२ वर फोन करा. पत्ता, मजला, कशाचा आवाज, एवढं सांगा आणि फोन केल्याची वेळ वहीत लिहा. गाडी आली, आवाज थांबला, गाडी गेली, पुन्हा सुरू झाला, असं झालं तर पुन्हा फोन करा. प्रत्येक फोनची नोंद राहते.

त्रास वारंवार होत असेल तर लेखी अर्ज द्या. बेळगाव शहरात २०१४ पासून पोलीस आयुक्तालय आहे. टिळकवाडी, कॅम्प, शहापूर, मार्केट, खडेबाजार, माळमारुती, उद्यमबाग यांपैकी तुमच्या भागाच्या ठाण्यात अर्ज करा, दखल घेतली नाही तर आयुक्तांकडे. निपाणी आयुक्तालयात येत नाही. तिथे आधी गावातलं ठाणं, मग चिक्कोडीचे पोलीस उपअधीक्षक, त्यानंतर जिल्हा पोलीस अधीक्षक.

भाषेबद्दल. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत करता येतो. मराठीतला अर्ज नाकारता येत नाही, आणि हा हक्क सोडू नये असंच माझं मत आहे. पण रात्रपाळीवरच्या हवालदाराला तो वाचता आला तरच लगेच काही होईल. म्हणून मराठी अर्जासोबत कन्नड किंवा इंग्रजीत पाच ओळींचा सारांश जोडा. अर्जाचा नमुना असा:

*प्रति, पोलीस निरीक्षक, …… पोलीस ठाणे.*
*विषय : रात्री १० नंतर वाजवल्या जाणाऱ्या ध्वनियंत्रणेबाबत तक्रार.*
*मी …… येथे भाड्याने राहतो/राहते. आमच्या वरील मजल्यावरील गच्चीवर दि. …, …, … रोजी रात्री … ते … या वेळेत मोठ्या आवाजात स्पीकर लावण्यात आला. दि. … रोजी समक्ष विनंती केली, तरी आवाज बंद झाला नाही. दि. … रोजी ११२ वर कळवले. घरात … वर्षांचे आजारी वडील आहेत. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० च्या नियम ५ व ७ नुसार कारवाई करावी, ही विनंती. सोबत : नोंदींची प्रत, व्हिडिओ.*

दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेऊन पोच आपल्याकडे ठेवा. पोच न मिळाल्यास तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा. सार्वजनिक उपद्रवाचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ मध्ये येतो, दंड १,००० रुपयांपर्यंत. तो अदखलपात्र आहे, म्हणून ‘लगेच अटक करा’ अशी मागणी करून उपयोग नाही. समज देणं आणि ध्वनियंत्रणा बंद करायला लावणं, एवढी अपेक्षा ठेवा. बहुतेकांना तेवढंच हवं असतं.

माग, गिरणी, वर्कशॉप

वडगाव, खासबाग, शहापूर भागांत घराघरांत यंत्रमाग आहेत. तिथे फ्लॅट भाड्यानं घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, त्या खटखटीवर कुणाचं तरी घर चालतं. ‘माग आधीपासून आहे, तुम्ही नंतर आलात’ हा मुद्दा कायद्यात पूर्ण बचाव ठरत नाही, पण न्यायालय परिसराचं स्वरूप नक्की पाहतं. मी इथे तडजोडीच्याच बाजूचा आहे. मागाखाली रबरी पॅड, तुमच्या बाजूची खिडकी बंद आणि रात्री दहानंतर माग थांबवणं, या तीन गोष्टींवर बोला. विणकराला दिवसाचे तास पुरत नसतील, तर कोणत्या रात्री ऑर्डरचं काम आहे ते आधी कळवायला सांगा.

वेल्डिंगचं दुकान किंवा मोठा जनरेटर यांना मात्र ही सवलत मी देणार नाही. त्यांच्याबाबत तीन वाटा आहेत:

- महापालिका किंवा निपाणी नगरपालिकेकडे व्यवसाय परवान्याची चौकशी. कॅम्प भागात हे काम कँटोन्मेंट बोर्डाचं.
- कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगावातल्या प्रादेशिक कार्यालयात अर्ज. डेसिबल मोजण्याची विनंती तिथेच करा.
- अनेक कुटुंबांना त्रास असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज. व्यवसायामुळे लोकांच्या आरोग्याला किंवा स्वास्थ्याला बाधा येत असेल तर तो थांबवण्याचा किंवा नियंत्रित करण्याचा आदेश ते देऊ शकतात. निपाणीकरांसाठी हे कार्यालय चिक्कोडीला. इथे एकट्याची सही कमी पडते, गल्लीच्या सह्या घ्या.

सण, वरात, मिरवणूक

गणेशोत्सव, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, राज्योत्सव, लग्नसराई. बेळगावात वर्षाचे बरेच दिवस रस्त्यावर वाजतंच. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १० ते १२ ची सवलत जाहीर करू शकतं. त्या दिवशी साडेदहाच्या आवाजाची तक्रार टिकणार नाही, बारानंतरची टिकेल. मंडळाचा मांडव दारात येणार असेल तर उत्सवाआधीच कार्यकर्त्यांना भेटा, घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असल्याचं सांगा आणि स्पीकरचं तोंड फिरवून घ्या. विसर्जनाच्या रात्री जाऊन काही होत नाही.

कोर्टाची पायरी

काहीच जमलं नाही तर दिवाणी न्यायालयात मनाईहुकूम मागता येतो. पण अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यानं वर्षानुवर्षांचा दावा लावावा का, हे विचार करून ठरवा. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे, दाव्यापूर्वीच्या समेटासाठी अर्ज करा. समोरच्याला नोटीस जाते आणि दोघांना एकत्र बसवलं जातं. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांगांना उत्पन्नाची अट न पाहता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

या गोष्टी करू नका

- उलट आपला टीव्ही मोठा लावणं, छताला काठीनं ठोकणं. तुमच्या वहीतली सगळी नोंद त्यानं वाया जाते.
- इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव घेऊन लिहिणं.
- भाडं अडवून ठेवणं. मालकाला तुम्हाला काढायचं रास्त कारण तुम्हीच देता.
- एखाद्या संघटनेच्या पोरांना बोलावून ‘समजावणं’. आवाज आठवडाभर थांबेल, वैर इमारत सोडेपर्यंत राहील.

घर सोडायचंच ठरलं तर

यात हार मानण्यासारखं काही नाही, रात्रभर जागणाऱ्या घरासाठी कधी कधी हाच शहाणा निर्णय असतो. आधी करार काढून वाचा. तो कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर जाणत्याकडून ओळ न् ओळ वाचून घ्या. किमान मुदतीची अट आहे का, नोटीस किती दिवसांची, रंगकामाचे किती कापणार, ते पाहा. करारात काहीच नसेल तर महिनेवारी भाडेदारीला लेखी १५ दिवसांची नोटीस पुरते. नोटिशीत गोंगाटाचं कारण आणि आधी पाठवलेल्या व्हॉट्सॲपच्या तारखा लिहा. किल्ली देताना खोल्यांचे फोटो, मीटरचं रीडिंग आणि डिपॉझिट परतीची तारीख कागदावर घ्या.

नव्या करारात दोन ओळी घालायला सांगा: लेखी कळवूनही सततचा गोंगाट थांबला नाही तर किमान मुदतीची अट न लावता एक महिन्याच्या नोटिशीवर घर सोडता येईल आणि डिपॉझिटमधून त्यासाठी कपात होणार नाही. आणि घर बघायला एकदा दुपारी, एकदा रात्री दहानंतर जा. खाली दुकान कोणतं आहे, वर कोण राहतं, पाणी किती वाजता येतं आणि मोटर कोणत्या भिंतीला आहे, हे जिन्यात भेटलेल्या पहिल्या माणसाला विचारा.